माझे, आपले आणि आमचे

कुळगावच्या बाजारपेठेत दुकानाची पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाचे स्वागत 'या, दुकान आपलेच आहे' असे होते. या 'आपले'मध्ये बोलणारा आणि ऐकणारा दोघेही सामावतात. तोच दुकानदार थोड्या वेळाने 'आमच्याकडे उधारी नाही' म्हणतो, तेव्हा गिऱ्हाईक अलगद बाहेर राहते. गुजरातीतही 'आपणुं' आणि 'अमारुं' असा हाच भेद आहे. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी 'अवर' हा एकच शब्द. व्यापारी पत्रात 'अवर गोडाऊन' लिहिले, तर ते लिहिणाऱ्याचे की दोन्ही पेढ्यांचे सामाईक, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. अशा ठिकाणी पेढीचे नाव लिहिणे श्रेयस्कर.

घरी गुजराती किंवा मारवाडी, पेठेत मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढणाऱ्या मुलांना आणखी एक अडचण येते. गुजरातीतील 'तेनो, तेनी, तेनुं' किंवा हिंदीतील 'उसका, उसकी' ही रूपे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात. मालक पुरुष की स्त्री, हे त्यांतून कळत नाही. इंग्रजीची रीत नेमकी उलट. 'हिज' आणि 'हर' केवळ मालकाकडे पाहतात. म्हणून भावाच्या वहीला 'हर नोटबुक' म्हणण्याची चूक होते. मराठीत 'त्याची वही', 'तिची वही' असे म्हणताना मालक आणि वस्तू या दोघांचेही लिंग दिसते. वाक्य आधी मनात मराठीत म्हणून पाहिले, तर 'हिज' की 'हर' हा गोंधळ उरत नाही.

दुसरी खबरदारी दस्तऐवजांची. 'थोरल्या भावाने धाकट्याला आपला हिस्सा दिला' या वाक्यात हिस्सा थोरल्याचा, हे 'आपला' या शब्दाने स्पष्ट होते. इंग्रजीत 'हिज शेअर' म्हटले की तो थोरल्याचा की धाकट्याचा, अशी शंका उरते. वाटणीपत्रात अशी शंका महाग पडते. तेथे सर्वनामाऐवजी नाव पुन्हा लिहिणे हाच उपाय.

रूपांचा नियम सोपा आहे. 'माय, युअर, हर, अवर, देअर' यांच्यापुढे नाम लागते. 'माइन, युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स' एकटे उभे राहतात. 'हिज' दोन्हीकडे चालतो. पत्राअखेरच्या 'युअर्स फेथफुली'तील 'युअर्स'लाही ॲपॉस्ट्रॉफी लागत नाही. 'इट्स'मध्ये ते चिन्ह आले, तर अर्थ 'त्याचे' असा न राहता 'ते आहे' असा होतो. हा 'इट्स' इंग्रजीत तसा उशिरा रुळला. 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीत तो आढळत नाही.

व्यापाऱ्याने या 'इट्स'कडे विशेष लक्ष द्यावे. हिशेबशास्त्र पेढीला मालकाहून वेगळी मानते. म्हणूनच ताळेबंदात मालकाचे भांडवल पेढीच्या देण्यांच्या बाजूला लिहिले जाते. गल्ल्यातील रक्कम हिशेबापुरती तरी 'माय' नसून 'इट्स' असते. घरखर्चासाठी तीतून उचललेला पैसा उचल म्हणून नोंदवावाच लागतो. हा भेद विसरला की चालता धंदाही नकळत पोकळ होतो, आणि पुढे भावाभावांत तंटे उभे राहतात.

जैन विचाराने या शब्दाचा शोध आणखी खोलवर घेतला आहे. संस्कृतातील 'मम' म्हणजे माझे. त्यापासून 'ममत्व' हा शब्द झाला. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून न करता मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून केली. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात 'माझे' म्हणण्यास बंदी नाही. त्याची मर्यादा मात्र स्वतः ठरवून पाळावी लागते. घरातील मुलांना 'माइन' कोठे लिहावे हे शिक्षक शिकवतील. ते किती वस्तूंपुढे लावावे, हे शिकवणे घराकडेच राहते.