‘बघू’ म्हणजे नक्की काय?

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात आणि अर्धा घोटाळा तिथेच होतो. शब्द ऐकला की डोळ्यांपुढे येतो तो आपल्याच तंद्रीत गुंग असलेला माणूस. शेजारी कोण हसतंय, कोण रडतंय, याचं त्याला सोयरसुतक नाही. मग चाळिशीतल्या कुणाला ऑटिझमचं निदान झालं की नातेवाईक म्हणतात, “छे, तो तर सगळ्यांसाठी धावतो. स्वमग्न कसला?” किंवा बरोबर उलट, “तरीच! काका गेले तेव्हा याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. यांना भावनाच नसतात.” दोन्हींच्या मुळाशी समज एकच: ऑटिझम म्हणजे दुसऱ्याचं काहीच न वाटणं.

यात मराठीचा दोष नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी ‘स्वतः’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांबद्दल लिहिताना तोच उचलला. त्यांतला पहिला मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड. एकटा असला की सर्वांत खूश, अशी त्याच्याबद्दलची नोंद आहे. हेच डोनाल्ड ट्रिपलेट पुढे गावातल्या बँकेत नोकरीला लागले, २७व्या वर्षी गाडी चालवायला शिकले, गोल्फ खेळले, देशोदेशी हिंडले आणि २०२३मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी वारले. ओळखीच्या माणसांना ते एकेक क्रमांक देत आणि कुणाचा कोणता हे विसरत नसत. स्वतःतच बुडालेला माणूस दुसऱ्यांचे नंबर कशाला ध्यानात ठेवील? ऑटिझम आयुष्यभर त्यांच्यासोबत होता; तो लहानपणी असतो आणि मोठेपणी जातो, हेही याच एका आयुष्यानं निकालात निघतं.

आता काका गेलेल्या त्या घरात जरा जवळून पाहू. टिपूस न गाळणाऱ्या पुतण्यानं रात्री हॉस्पिटलचे कागद तारखेनुसार लावलेले असतात. मृत्यूच्या दाखल्यासाठी आधारकार्डाच्या झेरॉक्स काढून आणलेल्या असतात. काकूंची बीपीची गोळी चुकणार नाही याकडे त्याचंच लक्ष असतं. तो फक्त कुणाच्या खांद्यावर हात ठेवून “धीर धरा” म्हणत नाही. पण हिशेब मांडताना आपण नेमका खांद्यावरचा हात मोजतो, झेरॉक्स मोजत नाही.

हा केवळ चांगुलपणाचा युक्तिवाद नाही. स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं काहींना जड जातं. या अडचणीला अलेक्झिथायमिया म्हणतात. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये ती साधारण निम्म्या जणांत आढळते, आणि ऑटिझम नसलेल्यांतही असते. दुसऱ्याच्या वेदनेला मेंदू किती प्रतिसाद देतो, हे २०१०मध्ये लंडनच्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा फरक ऑटिझमवर नव्हे, तर या अलेक्झिथायमियावर ठरत होता.

मग गैरसमज का होतात? स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये साधं उत्तर दिलं: टाळी दोन्ही हातांनी वाजते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचणं अवघड जातं, तितकंच इतरांना त्याचंही. ‘दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न’ हे त्यांचं नाव. २०२०मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे जायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती जितकी नीट पोचली, तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. तपशील जास्त गळले ते मिश्र साखळीत. म्हणजे बिघाड एका माणसात नसून दोघांच्या मधल्या तारेत होता.

आणि आपल्या बाजूची तार काही कमी गुंतलेली नाही! “बघू” म्हणजे बहुतेक वेळा नाही. “या एकदा जेवायला” हे आमंत्रण नसतं. साहेब “सवडीनं करा” म्हणतात आणि संध्याकाळी पाचला फाइल मागतात. जाताना तर आपण “येतो” म्हणतो. हे सगळं न शिकवता कळावं ही अपेक्षा, आणि ज्यानं शब्दाला शब्द मानलं त्याला म्हणायचं, याला माणसं कळत नाहीत.

नजरेचंही तेच. “डोळ्याला डोळा देत नाही, काहीतरी लपवतोय.” डोळ्यांकडे बघायला लावलं तर ऑटिस्टिक व्यक्तींच्या मेंदूतली भावनांशी निगडित केंद्रं प्रमाणाबाहेर उद्दीपित होतात, असं २०१७च्या मेंदू-प्रतिमांच्या अभ्यासात दिसलं. नजर वळते ती बेफिकिरीनं नव्हे, ताण सोसवत नाही म्हणून. मंगल कार्यालयात बँजो, माइकची शिट्टी, ट्यूबलाइटची गुणगुण आणि “ओळखलंस का मला?” हे एकदम अंगावर येतं. अशा वेळी जिन्यात जाऊन बसलेला माणूस स्वतःत मग्न नसतो. बाहेरचं जग त्याच्या आत जरुरीपेक्षा जास्त शिरलेलं असतं. संवेदनांचा हा भाग २०१३पासून निदानाच्या अमेरिकी निकषांतही आहे.

बाकीचे समज झटपट. लसीमुळे ऑटिझम होतो? तसं सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा १९९८चा लेख १२ मुलांवरचा होता आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं तो २०१०मध्ये मागे घेतला; २०१९च्या डॅनिश अभ्यासात साडेसहा लाखांवर मुलं होती, संबंध आढळला नाही. आईच्या कोरडेपणामुळे होतो? हा आरोप कधीच मोडीत निघाला, आयांना मात्र अजून ऐकवला जातो. सगळे गणितात अचाट? मोजकेच. “आपण सगळेच थोडे ऑटिस्टिक” म्हणणाऱ्यांनी तो जिना आठवावा. भारतात कायदा फक्त मुलांसाठी? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि त्याला वयाची अट नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अशा भाच्यानं किंवा सहकाऱ्यानं रविवारी घरी येऊ का असं विचारलं आणि जमणार नसेल, तर “बघू” म्हणू नका. “या रविवारी नाही, पुढच्या रविवारी चारला ये,” असं सांगा. तो चारला येईल.