जिंकलात? मग बिल कोण भरणार?

कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूने लागला, म्हणजे खर्चही परत मिळाला असं नाही. तुमच्या बिलावर कोर्ट कात्री कशी चालवतं, ते केस टाकायच्या आधीच समजून घ्या!

'दावा खर्चासह मंजूर.' निकालाच्या शेवटी एवढे तीन शब्द दिसले, की फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडतात. वकिलांची फी, कागदपत्रं, हेलपाटे, सगळं आता समोरच्याकडून वसूल! थांबा बॉस. नेमका इथेच भल्याभल्यांचा पोपट होतो.

समजा, तुमची नोकरी हिंजवडीत आणि गाव आष्टी, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातलं. शेजाऱ्याने दरवर्षी थोडा थोडा बांध कोरत तुमच्या वडिलांच्या शेतात दोन गुंठे पाय पसरलेत. दावा परतूरच्या कोर्टात. तारखेच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी कोर्टात उभं राहायचं, पुढची तारीख घ्यायची आणि पुन्हा रात्रीची ट्रॅव्हल्स. रजा संपतात, बॉसचं तोंड वाकडं होतं. त्यावर अपील झालं तर जिल्हा न्यायालय, आणि मग हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. शेवटी वडील जिंकतात. मग यातलं परत काय मिळतं?

कोर्टाची कॅल्क्युलेटर

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ३५ म्हणतं, की खर्च कुणी आणि किती द्यायचा हे कोर्ट ठरवेल. साधारण रीत अशी, की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. कोर्टाला तसं करायचं नसेल, तर त्याची कारणं लिहावी लागतात. भावाबहिणींच्या वाटणीच्या दाव्यात मात्र 'ज्याने त्याने आपापला खर्च सोसावा' असा आदेश अनेकदा होतो.

खर्च मिळणार असेल, तर हुकूमनाम्यात त्याचा तक्ता येतो. कोर्ट फी स्टॅम्प, समन्स बजावणी, साक्षीदारांचा भत्ता, वकिलांची फी. १९७६च्या दुरुस्तीने आलेल्या 'ऑर्डर २०अ'मध्ये आणखी काही बाबी आहेत : दाव्याआधीची नोटीस, टायपिंग, रेकॉर्डची पाहणी, अपिलासाठी काढलेल्या नकला.

मेख आहे वकिलांच्या फीमध्ये. तुम्ही प्रत्यक्ष किती दिली हे तिथे धरत नाहीत. हायकोर्टाच्या नियमांत जो दर बसतो, तेवढीच फी तक्त्यात येते. हा दर आणि तुमची खरी फी यांत बहुतेक वेळा जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत तर या कामासाठी वेगळा अधिकारी असतो, 'टॅक्सिंग मास्टर'. तो कर वगैरे लावत नाही. बिलातली एकेक नोंद तपासतो, नियमात न बसणारी छाटतो. ही पद्धत इंग्रजांकडून आलेली. इंग्लंडमध्ये आजही फक्त खर्चाचे वाद ऐकणारे न्यायाधीश आहेत. अमेरिकेत साधारण नियम उलटा : जिंका किंवा हरा, आपल्या वकिलाचं बिल आपणच भरायचं.

४५ लाखांना कात्री

२००५ मध्ये 'सेलम बार असोसिएशन' खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा. त्यात गेलेला वेळ, प्रवास आणि मुक्कामही धरावा, आणि हायकोर्टांनी तसे नियम करावेत. म्हणजे तुमच्या ट्रॅव्हल्सचं तिकीटसुद्धा!

मग आलं २०११. 'संजीव कुमार जैन' प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने एक अपील फेटाळताना हरलेल्या पक्षावर ४५ लाख २८ हजार रुपयांचा खर्च बसवला. आधार होता जिंकलेल्या बाजूने वकिलांना दिलेल्या फीचा. सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. खर्च नियमांप्रमाणेच द्यायचा, वर फक्त ३ हजार रुपये. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. एखाद्याला महागड्या वकिलांची फौज उभी करणं परवडतं, म्हणून तिचं बिल समोरच्याच्या माथी मारता येत नाही. 'खरा खर्च' म्हणजे वाजवी खर्च, हौसेचा नव्हे. आणि नियम बदलत नाहीत तोवर आहे त्या नियमांनीच चालायचं.

ऐकायला निराशाजनक वाटतं. पण क्षणभर उलटं बघा. समोर बडा बिल्डर आहे आणि तुम्ही केस हरलात. त्याच्या मुंबई-दिल्लीच्या वकिलांचं बिल तुमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर आलं तर? मग साध्या माणसाने कोर्टाची पायरी चढायची तरी कशी? ही कात्री त्याचंही रक्षण करते.

खोटी केस करणाऱ्याला मात्र हीच व्यवस्था स्वस्तात सोडते. जाणूनबुजून खोटा दावा केला, तर कलम ३५अ खाली भरपाईची कमाल मर्यादा ३ हजार रुपये. ती ठरली १९७६च्या दुरुस्तीत! त्या रकमेत आज एक बरा मोबाइलही येत नाही. मर्यादा वाढवायला हवी, असं सुप्रीम कोर्टाने बोलून दाखवलंय आणि विधी आयोगानेही २०१२ च्या अहवालात हा विषय मांडलाय.

बदल झाला तो व्यापारी दाव्यांत. २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने तिथे हरणाऱ्याने वाजवी खर्च द्यावा हा नियम ठळक केला. समोरच्याने तडजोडीचा रास्त प्रस्ताव दिला होता आणि तुम्ही उगाच धुडकावला, तर तेही तुमच्या विरोधात जाऊ शकतं. बांधाच्या वादाला मात्र हा कायदा लागू नाही. तिथे जुनाच तक्ता.

खिसा सांभाळा!

• वकीलपत्रावर सही करण्याआधी दोन आकडे विचारा : एकूण खर्च किती येईल आणि जिंकलो तर त्यातला परत किती मिळेल.

• प्रत्येक पावती जपा. फीचीही मागा. पुरावा नसलेला खर्च सिद्ध कसा करणार?

• युक्तिवाद संपताना खर्चाचा तपशील दाखल करायची आठवण वकिलांना करा.

• समोरचा उगाच तारखा घेतोय? कलम ३५ब खाली खर्च मागा. कोर्टाने तो बसवला, की भरल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही.

• मंजूर खर्च आपोआप खात्यात येत नाही. समोरच्याने दिला नाही तर दरखास्त दाखल करावी लागते. मुदत १२ वर्षं.

• लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपीलही नाही.

• आई किंवा बहीण लढत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो.

बांधासाठी लढायचंच असेल तर जरूर लढा, जमीन ती जमीनच. फक्त जो पैसा लावताय, तो बहुतांशी परत येणार नाही असं धरूनच बजेट करा. आणि समोरून तडजोडीचा बरा प्रस्ताव आला, तर 'बघून घेऊ' म्हणण्याआधी एकदा हा हिशोब मांडा.