शेगडी गॅसची की इंडक्शनची?

मुलुंड किंवा घाटकोपरमधील जुन्या इमारतीचा पुनर्विकास होऊन नव्या घराची किल्ली हाती पडली, की स्वयंपाकघराचा ओटा आखताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. शेगडी गॅसची घ्यावी की इंडक्शनची? वरकरणी हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. मात्र महिन्याचा खर्च, घरातील वायरिंग आणि मुले कामावर गेल्यावर घरी एकटे राहणाऱ्या आईवडिलांची सुरक्षितता या साऱ्या गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात.

दोन्ही शेगड्यांचे तत्त्वच निराळे आहे. गॅसची ज्योत भांड्याला तापवते, पण तिची बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने हवेत निघून जाते. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून वेगाने दिशा बदलणारा वीजप्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि भांड्याचा लोहयुक्त तळ स्वतःच तापतो. त्यामुळे विजेतील सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात उतरते. गॅसच्या चांगल्या शेगडीत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास असते.

खर्चाचा हिशेब

याचा अर्थ इंडक्शन स्वस्त पडते असा मात्र नाही. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. त्यातील १२० युनिट भांड्यापर्यंत पोहोचतात असे धरले, तर तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करण्यासाठी सुमारे १४० युनिट वीज लागेल. एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर मुंबईत विनाअनुदानित सिलिंडर ८५२ रुपये ५० पैशांना मिळू लागला. त्या भावाने पाहिल्यास वीज प्रतियुनिट सहा रुपयांच्या आसपास पडली, तरच दोन्हींचा खर्च सारखा होतो. महानगर गॅसची पाइपलाइन घरात असेल, तर एका घनमीटर गॅसमागे साधारण सात युनिट वीज धरावी. सिलिंडरचा, पाइपच्या गॅसचा आणि विजेचा ताजा दर घालून हा हिशेब प्रत्येकाला घरबसल्या मांडता येईल.

येथे एक चूक मात्र टाळावी. घरगुती विजेचे दर १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्प्यांनी वाढत जातात. पंखे, फ्रिज, गीझर यांच्या वापराने बिल आधीच दुसऱ्या टप्प्यात गेलेले असते. इंडक्शनचे युनिट त्याच्यावर चढतात. म्हणून बिलातील सरासरी दर न पाहता आपण ज्या टप्प्यात पोहोचतो त्याचा दर धरावा आणि त्यात वहन आकारही मिळवावा. अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा, तर मुलुंडमध्ये महावितरण, असे पुरवठादार वेगळे असल्याने शेजारच्या उपनगरातील नातेवाइकांचा हिशेब आपल्याला लागू पडेलच असे नाही.

वायरिंग आणि भांडी

दोन हजार वॉटची शेगडी पूर्ण क्षमतेने चालू असताना जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह खेचते. मिक्सरच्या साध्या सॉकेटला ती जोडणे धोक्याचे आहे. तिच्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. जुन्या इमारतीत गीझर, एसी आणि इंडक्शन एकाच वेळी चालणार असतील, तर आधी परवानाधारक वायरमनकडून तारांची तपासणी करून घ्यावी आणि मंजूर भार पुरेसा आहे का, तेही पाहावे.

घरातील भांड्यांच्या तळाला चुंबक लावून पाहावे. तो घट्ट चिकटला तर भांडे चालेल. बिडाचा तवा चालतो. हिंडालियमची कढई, तांब्या-पितळेची पातेली आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. फुलका फुगवणे, पापड किंवा भरताचे वांगे भाजणे यासाठी तर ज्योतच हवी.

सुरक्षितता कोणाची अधिक?

गॅस बंद करायला विसरणे ही वृद्धांच्या बाबतीत खरी काळजी असते. इंडक्शनवरून भांडे उचलले की ते तापवणे थांबवते, टायमरही लावता येतो. अर्थात काच काही काळ गरम राहते, आणि पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून इंडक्शन वापरू नये. ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निर्माण होतो; ड्राय बाल्कनी बंद केलेल्या लहान स्वयंपाकघरात म्हणूनच एक्झॉस्ट पंखा आवश्यक ठरतो. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, तर पाइपचा गॅस हलका असल्याने वर जातो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात.

राहिला पुरवठ्याचा भरवसा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहानंतर मुंबईची वीज गेली, तेव्हा केवळ इंडक्शनवर विसंबलेल्या घरांत चूल पेटणे अवघड होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीचे नुकसान झाल्यावर शहरातील सीएनजी पंपांसमोर रांगा लागल्या. त्या वेळी घरगुती ग्राहकांना प्राधान्य देण्यात आले. पुरवठा दोन्हींचा खंडित होऊ शकतो, हाच यातील धडा.

तेव्हा ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे, त्यांनी तो काढून टाकण्याची घाई करू नये. ओट्यावर दोन बर्नरची गॅस शेगडी ठेवून शेजारी एक इंडक्शन बसवले, तर चहा, दूध, वरण-भात यांची सोय होते आणि दुपारी घरी एकट्या असणाऱ्या आजीला ज्योतीशी खेळावे लागत नाही. ओटा आखतानाच १६ अँपिअरचा तो एक पॉइंट मात्र मागून घ्यावा. टाइल्स बसल्यानंतर त्यासाठी भिंत फोडण्याचा खर्च शेगडीच्या किमतीपेक्षाही अधिक सलतो.