पेसमेकर बसवला, पण झोप कुठे गेली?



पेसमेकर बसवून घरी आलेल्या बायकांना भेटायला आम्ही जातो, तेव्हा जखम, गोळ्या, पथ्यपाणी सगळं त्या आपणहून सांगतात. झोपेचं मात्र विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही. विचारलं की मग हळूच येतं, "रात्रभर टक्क जागी असते गं. पण एवढं मोठं दुखणं निभावलं, आता झोपेचं काय घेऊन बसायचं?" आम्ही म्हणतो, घेऊन बसायलाच हवं. या जागरणाला बहुतेक वेळा काहीतरी नेमकं कारण असतं, आणि ते डॉक्टरांच्या कानावर गेलं तर त्यावर इलाजही असतो.

आधी हे यंत्र करतं काय, ते समजून घेऊ. काडेपेटीएवढी, पण चपटी अशी ती डबी गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, कातडीखाली ठेवतात. तिच्यापासून एक-दोन बारीक तारा शिरेतून हृदयात जातात. हृदयाचा ठोका रेंगाळला की डबी विजेचा अगदी हलका इशारा देते आणि ठोका पडतो. तो इशारा सहसा आपल्याला जाणवतही नाही. हृदयाला जोराचा झटका देणारं यंत्र वेगळं असतं. आपल्याला कोणतं बसवलंय, ते कार्डावर लिहिलेलं असतं.

पहिले काही आठवडे झोप मोडते ती जखमेच्या ठणक्याने आणि कूस बदलायच्या भीतीने. तारा नीट रुजेपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर न्यायचं नसतं. हंडा, घमेलं उचलायचं नसतं. पाठीवर निजा आणि त्या हाताखाली घडी केलेली चादर ठेवा, किंवा दुसऱ्या कुशीवर निजा. झोपेत चुकून कूस वळली म्हणून घाबरून उठून बसू नका. जमिनीवर अंथरूण असेल तर उठताना आपण नेमका तोच हात टेकतो, म्हणून तेवढे दिवस खाट बरी. ब्लाउजची पट्टी टाक्यांवर घासत असेल तर सैल कपडा घाला.

इथे एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो. भीतीपोटी कित्येक जणी तो हात छातीशी घट्ट धरून ठेवतात, महिनामहिना हलवतच नाहीत. मग खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा रात्रीच जास्त छळतो. जेवणं, वेणी घालताना केस पुढे घेणं, भाजी निवडणं अशी खांद्याखालची कामं त्या हाताने करत राहायची.

दुसरं कारण मनातलं. दिवा मालवला की विचार सुरू होतात, झोपेत मशीन बंद पडलं तर? बायांनो, पेसमेकरची बॅटरी टॉर्चसारखी अचानक विझत नाही. ती पुष्कळ वर्षं चालते, बऱ्याचदा आठ-दहा वर्षं, आणि संपत आली की नेहमीच्या तपासणीत ते आधीच कळतं. म्हणून तपासणी चुकवायची नाही. म्हाताऱ्या बायका आणखी एक भीती बोलून दाखवतात, की या यंत्रामुळे वेळ आली तरी जीव जाणार नाही, अडकून पडेल. तसं होत नाही. यंत्र फक्त इशारा देतं. हृदयाचा स्नायूच थांबला तर त्या इशाऱ्याला उत्तर मिळत नाही.

स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांची गोष्ट आम्हाला इथे सांगावीशी वाटते. शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला त्यांना बसला, तोही त्यांची बायको डॉक्टरांच्या मागे लागली म्हणून. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र पुढे २६ पेसमेकर वापरून २००१ पर्यंत, ८६ वर्षांचे होईपर्यंत जगले.

आता यंत्राची बाजू. झोपेत हृदय मुळात संथ चालतं. पेसमेकर मात्र ठरवून दिलेल्या आकड्याच्या खाली, समजा मिनिटाला ६०, ठोके जाऊ देत नाही. काहींना हे रात्री धडधडीसारखं जाणवतं, डाव्या कुशीवर तर जास्तच. हा आकडा डॉक्टरांना बदलता येतो. काही यंत्रांत रात्रीसाठी वेगळा आकडा लावायची सोय असते. त्यासाठी चिरफाड लागत नाही, वरूनच मशीन लावून काम होतं. आडवं झाल्यावर सतत उचक्या लागत असतील किंवा पोटाचा वरचा भाग उडत असेल, तर तेही सांगा, तारेचा इशारा शेजारच्या पडद्याला लागत असू शकतो.

गोळ्याही झोप मोडतात. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली की रात्रभर उठणं आलंच. ती सकाळी घेता येईल का, विचारा. ठोक्यांच्या काही गोळ्यांनी वाईट स्वप्नं पडतात. गोळी मनाने बंद करू नका, आणि मेडिकलमधून झोपेची गोळीही मनाने आणू नका. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं हा वेगळा आजार असू शकतो. त्यात झोपेची गोळी घातक ठरू शकते. रात्रीची मिश्री आणि संध्याकाळचा कडक चहा यांच्याबद्दल तुम्हाला माहीत आहेच, आम्ही फक्त आठवण करतो. आणि मोबाइल ब्लाउजमध्ये किंवा उशीखाली नको. डबीपासून वीतभर लांब ठेवा.

आडवं झाल्यावर दम लागतो, दोन-तीन उशा लागतात, पाय सुजतात, चक्कर येते, ताप आहे, जखम लाल झालीय किंवा पू येतोय, यातलं काहीही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखू लागलं तर लगेच १०८ ला फोन करा.

एरवी आठवडाभर कॅलेंडरवर खूण करा, किती वाजता पडलात, कितीदा जाग आली, तेव्हा काय जाणवलं. ते पान आणि पेसमेकरचं कार्ड तपासणीला न्या. मुलगा बरोबर असला तरी झोपेचं तुम्ही स्वतः सांगा. घोरण्याचं तेवढं शेजारी झोपणाऱ्याला सांगू द्या, आपलं घोरणं आपल्याला कुठे ऐकू येतं!