तापाचे मूळ आणि रक्ताची साक्ष

पावसाळ्यात वसतिगृहातील एका मुलाला ताप आला की पाठोपाठ आणखी काही जण अंथरूण धरतात. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : अँटिबायोटिक सुरू केले का? त्यामागची काळजी आम्ही शिक्षक जाणतो. परंतु त्याआधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : ताप जिवाणूंचा की विषाणूंचा? अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते. सर्दी-पडशाच्या वा डेंग्यूच्या विषाणूंवर नाही.

जिवाणू ओळखण्याची रूढ रीत म्हणजे रक्ताचे कल्चर. त्यास काही दिवस लागतात. म्हणून शरीर संसर्गाला जे उत्तर देते, त्याच्या खुणा रक्तात शोधल्या जातात. पांढऱ्या पेशींची मोजणी सर्वांच्या परिचयाची आहे. जिवाणूंच्या संसर्गात त्या बहुधा वाढतात. मात्र टायफॉइड जिवाणूजन्य असूनही त्यात त्या अनेकदा वाढत नाहीत.

दुसरी खूण सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तिचा शोध लागला. यकृतात तयार होणारे हे प्रथिन निरोगी माणसात लिटरला साधारणतः १० मिलिग्रॅमहून कमी असते. गंभीर जिवाणूसंसर्गात ते १०० च्याही पुढे जाते. पण दुखापतीने वा सांध्यांच्या दाहानेही ते वाढते.

तिसरी खूण प्रोकॅल्सिटोनिन. जिवाणूसंसर्गाशी असलेले तिचे नाते फ्रेंच संशोधकांनी १९९३ साली मांडले. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात शरीरातील अनेक अवयव हा पदार्थ तयार करू लागतात. विषाणूसंसर्गात निर्माण होणारे इंटरफेरॉन-गॅमा मात्र त्याला आवर घालते. त्याचे प्रमाण उतरू लागले की अँटिबायोटिक केव्हा थांबवावे, हे ठरविण्यास डॉक्टरांना मदत होते. तथापि मलेरिया, मोठी शस्त्रक्रिया वा भाजणे यांतही ते वाढते आणि ही तपासणी महागही आहे.

सारांश, यांतील कोणताही आकडा एकटा निकाल देत नाही. तो साक्षीदार आहे. निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच द्यावयाचा. ऐकीव गोष्ट वा परंपरा म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच गोळ्या मेडिकलमधून आणणे हे त्या उपदेशाशी विसंगत आहे. अनावश्यक औषधाने जिवाणू निर्ढावतात. मग खऱ्या गरजेच्या वेळी स्वस्त औषध निरुपयोगी ठरते आणि महागड्या औषधाचा भार कष्टकरी कुटुंबावर पडतो.

मात्र धाप लागणे, शुद्ध हरपणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास अहवालाची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे विलंब जिवावर बेतू शकतो. प्रज्ञेने तपासावे, करुणेने धावावे. आपल्या लेकरांच्या आरोग्यासाठी दोन्ही हवीत.