पाच किलोवॉटच्या मर्यादेतील बेट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील एग या बेटावर फेब्रुवारी २००८ मध्ये प्रथमच सर्वांना चोवीस तास वीज मिळू लागली. समुद्राखालून केबल टाकणे परवडणारे नव्हते. त्यामुळे तोवर घरोघरी डिझेलचे जनरेटर धडधडत असत. रहिवाशांचा सहभाग असलेल्या न्यासाने १९९७ मध्ये हे बेट विकत घेतले आणि पुढे गावाचीच वीज कंपनी उभी राहिली. ओढ्यांवरील जलविद्युत संच, चार लहान पवनचक्क्या, सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि अडीनडीला डिझेल, असा तिचा सारा संसार आहे.

या व्यवस्थेचे मर्म वीजनिर्मितीपेक्षा एका नियमात आहे. कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॉटहून अधिक वीज ओढायची नाही. व्यवसायांसाठी ही मर्यादा १० किलोवॉट. महिन्याकाठी किती युनिट जाळावेत यावर हे बंधन नाही, ते एका क्षणी पडणाऱ्या भारावर आहे. पाण्याची विजेची किटली ३ किलोवॉटपर्यंत वीज घेते, धुलाईयंत्र पाणी तापवताना सुमारे २. दोन्ही एकदम चालू असताना ओव्हन लावला, की घराचा पुरवठा तुटतो. कपडे तासाभराने धुतले तर काहीच बिघडत नाही. मागणीची लवचिकता म्हणतात ती हीच.

अर्थात, चाळीस घरांनी एकाच वेळी ५ किलोवॉट घेतले तरी मागणी २०० किलोवॉट होते. बेटावरील जल, वारा आणि ऊन यांची एकत्रित क्षमता याहून कमीच आहे. सगळे एकदम किटली लावत नाहीत, या साध्या वस्तुस्थितीवर गणित उभे आहे. पाऊस आणि वारा दोन्ही रुसले, तर लाल संकेत देऊन वापर आवरण्याची विनंती केली जाते. उलट बॅटऱ्या भरल्या, की जादा विजेवर सभागृह, चर्च अशा सार्वजनिक इमारतींतील हीटर आपोआप सुरू होतात. वाया जाणारी वीज सर्वांच्या उबेसाठी कामी येते.

भारनियमनाचे चटके सोसलेल्या आपल्या वाचकांना हेही भारनियमनच वाटेल. पण फरक मोठा आहे. भारनियमनात संपूर्ण वस्ती अंधारात जाते. येथे मर्यादा ओलांडणाऱ्या घराचीच वीज जाते. शिवाय जास्त पैसे मोजून कोणत्याही घराला ही मर्यादा वाढवून घेता येत नाही. गर्दीच्या वेळी दर चढवण्याच्या पद्धतीत श्रीमंताचे वातानुकूलन यंत्र चालूच राहते आणि झळ गरिबाला बसते. एगचा नियम त्या मानाने अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

मात्र १९९७ मध्ये पासष्टच्या आसपास असलेली लोकसंख्या आता शंभरावर गेली आहे. त्यातच डिझेल, गॅस आणि लाकूड सोडून घरेही विजेवर तापवायची झाली, तर थंडीच्या रात्री तेच ५ किलोवॉट प्रत्येक घराला एकाच वेळी लागतील. त्या वेळी कपड्यांसारखी ऊब तासाभराने पुढे ढकलता येणार नाही.