आवाळू म्हणून काढलेली गाठ

डोक्यावर गाठ आली की चिपळुणात निदान घरीच होतं: आवाळू. दुखत नाही, खुपत नाही, मग माणूस ती वर्षानुवर्षं बाळगतो. शिवाय ‘गाठीला सुरी लावली की ती पसरते’ हे ऐकवणारं कुणी ना कुणी घरात असतंच. बहुतेक गाठी निरुपद्रवीच निघतात, हेही खरं. क्वचित एखादी निघत नाही, आणि काढलेला तुकडा तपासणीला गेलाच नाही तर ते कधी कळतही नाही.

तपासणीत तो तुकडा फॉर्मॅलिनमधून मेणाच्या ठोकळ्यात जातो. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवतात. अशा क्वचित एखाद्या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली गडद, बारीक पेशींचे पुंजके दिसतात. पुंजक्यांना चाळणीसारखी गोल भोकं आणि भोकांत फिकट निळसर द्रव. हा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, एरवी लाळग्रंथींचा म्हणून ओळखला जाणारा कर्करोग. तो मुळातच टाळूच्या कातडीत कसा उगवला?

घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथींची बांधणी सारखी आहे. आत स्रवणाऱ्या पेशी, त्यांना वेढून आकुंचन पावणाऱ्या पेशी, पुढे नळी. त्यामुळे गाठीही सारख्या होतात. 2009 मध्ये लाळग्रंथींच्या या कर्करोगात ‘एमवायबी’ आणि ‘एनएफआयबी’ ही दोन जनुकं जोडली गेल्याचं आढळलं. पुढे त्वचेच्या गाठींतही तीच जोडणी सापडली. म्हणजे गाठ मूळची कातडीतली की लाळग्रंथीतून आलेली, हे काच पाहून ठरत नाही आणि जनुक पाहूनही ठरत नाही. कुणालातरी रुग्णाचा जबडा चाचपावा लागतो, तोंड उघडून टाळा बघावा लागतो, छातीचा स्कॅन करावा लागतो. मूळ लाळग्रंथीत असेल तर दहा-दहा वर्षांनीही फुप्फुसात डोकं वर काढणारा हा रोग आहे. मूळ कातडीतच असेल तर दूर पसरण्याचा धोका कमी. पण मज्जातंतूंच्या कडेकडेनं सरकत तो त्याच जागी पुन्हा उगवतो, म्हणून भोवतालची बरीच कातडी काढावी लागते. तंबाखू-मिश्रीशी याचं नातं दिसलेलं नाही, त्यामुळे ‘मला व्यसन नाही’ हा दिलासा इथे फोल.

माझ्या मते सगळ्यात जास्त हलगर्जी होते ती तुकडा पाठवलेल्या बाटलीसोबतच्या कागदावर. ‘गाठ’ एवढंच लिहिलेलं असेल तर विकृतितज्ज्ञानं काय समजावं? टाळूवरची, की कानापुढची? कानापुढे तर खाली लाळग्रंथीच असते. 1941 मध्ये परळला टाटा रुग्णालय सुरू झालं, तिथल्या विकृतिशास्त्राची घडी बसवणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाचा माग माणसाच्या सवयींपर्यंत आणि राहणीपर्यंत काढत. त्या मानानं गाठीची जागा लिहिणं म्हणजे एका ओळीचं काम.

सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय असल्यानं चिपळूणकरांना प्रत्येक शंकेसाठी दादरची गाडी पकडावी लागत नाही. तरी ‘टाटाला’ जायची वेळ आलीच, तर तिथे जुन्या काचा आणि मेणाचा ठोकळा फेरतपासणीसाठी मागतात. जखम पंधरा दिवसांत भरते, पण तपासण्या वर्षानुवर्षं चालतात, म्हणून कागद जपावे लागतात. 22 जुलै 2021 च्या पुरात इथल्या किती घरांतले कागद वाशिष्ठीनं नेले, हे चिपळूणकरांना सांगायला नको. रिपोर्टचा फोटो मुंबईच्या भाच्याच्या मोबाइलवरही असू द्यावा.